आयएलएस नसलेल्या लहान विमानतळावर ढगाळ हवेत विमान कसं उतरतं?

विचारलेलं असं आहे: जिथे दिवसाला दोन-चार विमानंच येतात अशा विमानतळावर आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा, नसेल, तर ढग खाली आलेले असताना विमान धावपट्टीपर्यंत कसं आणतात? उपग्रहांवर चालणाऱ्या नव्या पद्धती आयएलएसच्या तोडीच्या आहेत का? आणि त्या एवढ्या स्वस्त पडतात म्हणता, तर सगळीकडे का नाहीत?

उपकरणांच्या भरवशावर उतरण्याचे मार्ग आखणं हे माझं काम आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार. घाईत असलेल्यांसाठी एवढंच सांगतो की विमानापर्यंत सिग्नल पोचवण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. आता घोडं अडतं ते धावपट्टीच्या आजूबाजूला.

आधी आयएलएस. त्यात दोन रेडिओ शलाका असतात. लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे असतो आणि तो मध्यरेषा दाखवतो. ग्लाइड स्लोपचा अँटेना विमान जिथे टेकतं त्या भागाच्या बाजूला असतो आणि साधारण ३ अंशांचा उतार दाखवतो. दोन्ही शलाकांवर ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर चढवलेले असतात. त्यातला कोणता जास्त ऐकू येतो यावरून विमानातली सुई डावी-उजवी, वर-खाली हलते. तंत्र जुनं आहे पण भक्कम आहे. अगदी साध्या, म्हणजे कॅटेगरी १ च्या आयएलएसवर वैमानिक धावपट्टीपासून २०० फूट उंचीपर्यंत काही न दिसता खाली येऊ शकतो. तिथे दिवे किंवा धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर गो-अराउंड, म्हणजे न टेकता पुन्हा वर चढायचं.

लहान विमानतळाला हे परवडत नाही, आणि त्याचं कारण यंत्राची किंमत एवढंच नाही. ग्लाइड स्लोपची शलाका अँटेनासमोरच्या जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरींच्या मदतीने घडते, म्हणून ती जमीन सपाट करून तशीच राखावी लागते. तिथे बर्फ साचला किंवा कुणी ट्रक उभा केला, तर शलाका वाकते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना सोय हवी असेल तर दोन वेगळे संच लागतात. शिवाय अखंड वीज आणि हाताशी तंत्रज्ञ हवा, आणि ठरावीक काळाने खास तपासणी विमान बोलावून सगळं मोजून घ्यावं लागतं. दिवसाला दोन विमानांसाठी हा संसार कोण मांडणार?

त्यामुळे अशा ठिकाणी वर्षानुवर्षं एनडीबी किंवा व्हीओआर या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवर काम भागायचं. ही साधनं दिशा सांगतात, उंचीबद्दल काहीच सांगत नाहीत. वैमानिक नकाशावर दिलेल्या टप्प्यांप्रमाणे जिना उतरावा तसा खाली यायचा: इथे ३,००० फूट, तिथे पोचल्यावर २,२००, मग १,४००. एखादा टप्पा लवकर सोडला तर खालचा डोंगर माफ करत नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला जीपीएस आलं तेव्हा त्यानेही हे दुखणं बरं केलं नाही. जीपीएसवरचे पहिले अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरण्याचे आखलेले मार्ग, फक्त आडवी दिशा अचूक दाखवायचे. ७ मे २००५ ला ऑस्ट्रेलियातल्या लॉकहार्ट रिव्हर या आडबाजूच्या विमानतळाकडे येणारं मेट्रो-२३ विमान अशाच अप्रोचवर असताना टप्प्याच्या सुरक्षित उंचीखाली गेलं आणि डोंगराच्या कड्यावर आदळलं. विमानातले सगळे १५ जण गेले. चौकशीत कारणं बरीच निघाली, पण माझ्या क्षेत्रातल्या लोकांच्या मनात त्या अहवालातून एक गोष्ट पक्की झाली: उभ्या दिशेचं मार्गदर्शन ही चैन नाही.

आता मुख्य तंत्र, एसबीएएस, म्हणजे उपग्रहांवरून दिलेली सुधारणा. कल्पना सोपी आहे. जमिनीवर ठिकठिकाणी संदर्भ केंद्रं असतात आणि त्यांची जागा अगदी नेमकी मोजलेली असते. ती केंद्रं जीपीएस ऐकतात आणि किती चूक येते ते पाहतात. मुख्य केंद्र त्या सगळ्यावरून सुधारणा काढून भूस्थिर उपग्रहाकडे पाठवतं, आणि तो उपग्रह ती जीपीएसच्याच फ्रिक्वेन्सीवर खाली प्रसारित करतो. विमानतळावर काहीच बसवावं लागत नाही.

याचं महत्त्व अचूकतेत आहे असं बहुतेक जण समजतात. खरं तर नुसतं जीपीएसही आज काही मीटरांच्या आत जागा सांगतं. वैमानिकाला हवी असते ती हमी: दाखवलेली जागा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त चुकीची असेल, तर मला लगेच कळेल. एसबीएएस हीच हमी देतं. रिसीव्हर सतत हिशेब करत असतो की या घडीला आपली चूक जास्तीत जास्त किती असू शकेल. २५० फुटांपर्यंत खाली येण्यासाठी ही संभाव्य चूक आडव्या दिशेत ४० मीटर आणि उभ्या दिशेत ५० मीटर यांच्या आत असावी लागते. २०० फुटांपर्यंत यायचं असेल तर उभी मर्यादा ३५ मीटर होते. मर्यादा ओलांडली की काही सेकंदांत इशारा येतो. घरच्या फोनमधलं जीपीएस एखाद्या वेळी तुम्हाला शेजारच्या रस्त्यावर दाखवतं आणि गप्प बसतं. तसं गप्प बसणं इथे चालत नाही.

या सोयीवर आखलेल्या अप्रोचला एलपीव्ही म्हणतात. वैमानिकाच्या समोरची सुई आयएलएससारखीच वागते, म्हणजे धावपट्टी जवळ येईल तशी अधिक संवेदनशील होते. प्रशिक्षणात नवं फारसं शिकावं लागत नाही, आणि तंत्र पसरण्याचं ते एक मोठं कारण आहे. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: चांगला एलपीव्ही कॅटेगरी १ आयएलएसच्या बरोबरीला येतो. दाट धुक्यात आपोआप उतरण्यासाठी लागणाऱ्या कॅटेगरी ३ च्या जवळपासही तो जात नाही, पण कमी वर्दळीच्या विमानतळाला त्याची गरजही क्वचितच असते. आणखी एक फायदा असा की विमान एका सरळ उतारावर येतं, टप्प्याटप्प्याला इंजिनाचा जोर वाढवावा लागत नाही, त्यामुळे खालच्या वस्तीला आवाजही कमी लागतो.

अमेरिकेचं एसबीएएस, म्हणजे डब्ल्यूएएएस, जुलै २००३ मध्ये सुरू झालं, आणि आज तिथे ४,००० हून अधिक एलपीव्ही अप्रोच आहेत, आयएलएसच्या कितीतरी पट. त्यातले पुष्कळ अशा धावपट्ट्यांवर आहेत जिथे आयएलएस कधीच नव्हतं. जपानचं एमएसएएस २००७ मध्ये आलं, आणि युरोपच्या इग्नॉसची विमानोड्डाणासाठीची सेवा मार्च २०११ मध्ये. भारताच्या गगनला डिसेंबर २०१३ मध्ये मार्गावरच्या दिशादर्शनासाठी आणि एप्रिल २०१५ मध्ये उभ्या मार्गदर्शनासह अप्रोचसाठी प्रमाणपत्र मिळालं. गगनचं काम इतरांपेक्षा अवघड होतं. चुंबकीय विषुववृत्ताच्या पट्ट्यात आयनावरण, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार अस्थिर असतं. सूर्यास्तानंतर त्यात विरळ पोकळ्या उठतात आणि उपग्रहाचा सिग्नल त्यातून येताना लडखडतो. अशा आकाशाखाली प्रमाणित झालेली ती पहिलीच यंत्रणा. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगड इथे एटीआर हे प्रोपेलरचं प्रवासी विमान गगनच्या आधाराने उतरवण्याची चाचणी झाली. ठिकाणाची निवड बोलकी आहे: लहान विमानतळ, लहान विमान. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून साउथपॅन उभारत आहेत. त्याची प्राथमिक सेवा सप्टेंबर २०२२ पासून आहे, पण विमानांना ज्यावर विसंबता येईल ती सेवा २०२८ साठी ठरली आहे.

एसबीएएस नसेल तर दुसरा रस्ता बॅरो-व्हीएनएव्ही. आडवी दिशा जीपीएस देतं आणि उतार विमानाच्या वायुदाबावर चालणाऱ्या उंचीमापकावरून काढला जातो. मोठ्या जेट विमानांत हे आधीपासून असतं, म्हणून विमान कंपन्यांना आवडतं. माझा त्यावर विश्वास आहे, पण सावध विश्वास. उंचीमापकात स्थानिक दाब, म्हणजे क्यूएनएच, चुकीचा भरला की अख्खा उतार खाली किंवा वर सरकतो, आणि पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसत राहतं. १ हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे २८ फूट. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर आयएलएस बंद असताना एका ए-३२० ला १००१ ऐवजी १०११ असा दाब सांगितला गेला. विमान खऱ्या उतारापेक्षा सुमारे २८० फूट खालून आलं. वैमानिकांनी धावपट्टी न दिसल्याने गो-अराउंड केलं, तेव्हा विमान धावपट्टी सुरू होण्याच्या अलीकडेच जमिनीपासून अवघ्या ६ फुटांपर्यंत पोचलं होतं. हे जगातल्या अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकावर घडलं. जिथे विमानतळाचा नियंत्रण टॉवर अर्धा दिवस बंद असतो आणि दाब दुसऱ्या कुठल्या तरी केंद्रावरून घ्यावा लागतो, तिथे मी हा अप्रोच आखताना जास्त अंतर राखतो. थंडीचाही हिशेब असतो. हवा प्रमाणापेक्षा गार असेल तर विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा खाली असतं, म्हणून नकाशावर किमान तापमान लिहिलेलं असतं. एलपीव्हीचा उतार मात्र दाबावर अवलंबून नसतो. निर्णयाची उंची, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर परत फिरायची उंची, तिथेही उंचीमापकावरच वाचतात, पण चुकीच्या दाबाने मार्गच घसरत नाही. केवळ या एका कारणासाठी शक्य तिथे मी एलपीव्हीकडे झुकतो.

दोन तंत्रांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण बातम्यांत ती फार येतात. जीबीएएसमध्ये विमानतळावरच संदर्भ रिसीव्हर आणि एक प्रसारक असतो. एकच संच विमानतळाच्या सगळ्या धावपट्ट्यांना पुरतो, आणि ब्रेमेनला ते २०१२ पासून आहे. तंत्र सुरेख, पण यंत्रं पुन्हा विमानतळावर आली, म्हणजे खर्च आणि देखभालही आली. शांत विमानतळाला ते सहसा पेलत नाही. दुसरं आरएनपी एआर: डोंगरांच्या मधून वळणं घेत येणारा, अरुंद पट्ट्यात बांधलेला मार्ग. अलास्कातल्या जूनोला १९९६ मध्ये हे सुरू झालं, आणि तिथे पूर्वी परत फिरणारी विमानं उतरू लागली. पण त्यासाठी विमान, कंपनी आणि वैमानिक या तिघांनाही खास मंजुरी लागते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या विमानाला हा खटाटोप झेपत नाही.

आता तिसरा प्रश्न. विमानतळाचे लोक येतात आणि म्हणतात, “उपग्रह वर आहेच, तुम्ही फक्त नकाशा काढून द्या.” मी पहिल्यांदा अडथळ्यांचं सर्वेक्षण मागतो. शेवटच्या टप्प्याखाली आणि गो-अराउंडच्या मार्गाखाली असलेलं प्रत्येक झाड, मोबाइल टॉवर, विजेचा खांब मोजलेला हवा. अनेक ठिकाणी असलेली माहिती दहा-पंधरा वर्षांपूर्वीची निघते, आणि झाडं तर वाढतच असतात. अडथळा उंच निघाला की निर्णयाची उंची वर सरकते. कागदावर २५० फुटांचा अप्रोच प्रत्यक्षात ५०० फुटांचा झाला, तर तेवढ्यासाठी केलेल्या सगळ्या खटपटीचं मोल निम्मं होतं. नंतर धावपट्टीच्या दोन्ही बाजूंचा मोकळा पट्टा. मोठ्या धावपट्टीवर उपकरणांच्या आधाराने उतरायचं असेल तर मध्यरेषेपासून दोन्हीकडे १४० मीटर जागा लागते. केवळ स्वच्छ हवेत डोळ्यांनी पाहून उतरण्यासाठी बांधलेल्या धावपट्टीभोवती तेवढी जागा नसते. तिथे हँगर असतो, कुंपण असतं, कधी नाला.

दिव्यांकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. २०० फुटांवर वैमानिक वर पाहतो तेव्हा त्याला आधी दिसायला हवेत ते धावपट्टीच्या अलीकडचे अप्रोच लाइट्स. त्यांची पूर्ण रांग ९०० मीटर लांब असते. युरोपीय नियमांत २०० फुटांच्या निर्णयाच्या उंचीला पूर्ण दिवे असतील तर ५५० मीटर दृश्यमानता पुरते. दिवेच नसतील तर १,२०० मीटर लागते. सिग्नल तोच आणि उंची तीच, पण सकाळच्या धुक्यात एक विमान उतरतं आणि दुसरं परत जातं. त्यात ही रांग बऱ्याचदा विमानतळाच्या हद्दीबाहेर, दुसऱ्याच्या जमिनीत जाते. तेव्हा हा प्रश्न तांत्रिक न राहता भूसंपादनाचा होतो. विजेचा खर्च वाचवण्यासाठी अमेरिकेत एक साधी युक्ती वर्षानुवर्षं चालते: टॉवर नसलेल्या धावपट्टीवर वैमानिक रेडिओचं बटण पाच सेकंदांत तीन, पाच किंवा सात वेळा दाबतो आणि दिवे कमी, मध्यम किंवा पूर्ण तेजाने लागतात. नव्या तंत्रांच्या यादीत हे कुणी धरत नाही, पण लहान विमानतळांवर यापेक्षा उपयुक्त सोय मी फार पाहिलेली नाही.

मग माणसं. हवामान कोण मोजणार, धावपट्टीवर जनावर नाही हे कोण पाहणार? इथे रिमोट टॉवर, म्हणजे दूरच्या ठिकाणाहून चालवलेला नियंत्रण टॉवर, कामाला येतो. स्वीडनमधलं अर्नशेल्ड्सविक हे त्याचं पहिलं ठिकाण. एप्रिल २०१५ पासून तिथली वाहतूक शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या सुंड्सवालमधून सांभाळली जाते. कॅमेऱ्यांनी टिपलेलं चौफेर दृश्य, रात्री उपयोगी पडणारे इन्फ्रारेड कॅमेरे, विमानावर आपोआप रोखलेली चौकट असं सगळं पडद्यावर असतं. नॉर्वेनेही बोडोहून आपले लहान विमानतळ चालवायला सुरुवात केली. माझं मत विचाराल तर शांत विमानतळांसाठी गेल्या दशकातला सर्वांत मोठा फरक एलपीव्हीइतकाच या टॉवरने घडवला आहे, कारण त्यामुळे तासातासाच्या सेवेचा खर्च अनेक विमानतळांत वाटला जातो.

विमानाची बाजूही आहे. एलपीव्ही उडवायला एसबीएएस रिसीव्हर हवा. बिझनेस जेट, लहान प्रोपेलर विमानं आणि नव्या एटीआरमध्ये तो सहज सापडतो. प्रवासी वाहतुकीतल्या अनेक मोठ्या जेट ताफ्यांत सापडत नाही, कारण ती विमानं बहुतेक वेळ आयएलएस असलेल्या विमानतळांवरच जातात. म्हणजे कोणती विमानं येतात ते न पाहता अप्रोच प्रसिद्ध केला, तर तो वापरणाराच नसतो.

दोन जोखमी आहेत, त्याही सांगायला हव्यात. पहिली मालकीची. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २५ जून २०२१ पासून तिथल्या विमानांना इग्नॉसची सुरक्षाविषयक सेवा वापरता येईनाशी झाली. उपग्रह तसाच वर होता आणि सिग्नलही येत होता, पण त्यामागची हमी गेली, म्हणून एलपीव्ही बंद. सर्वांत जास्त झळ दूरच्या बेटांवरच्या विमानतळांना बसली. दुसरी जोखीम जॅमिंगची, म्हणजे जीपीएसचा सिग्नल दुसऱ्या सिग्नलने दडपला जाण्याची. एस्टोनियातल्या टार्टूला येणारी दोन विमानं एप्रिल २०२४ मध्ये जीपीएसमधल्या अडथळ्यांमुळे हेलसिंकीला परत गेली, आणि फिनएअरने २९ एप्रिलपासून महिनाभर ती सेवा थांबवली. तिथले अप्रोच जीपीएसवर उभे होते. जीपीएसशिवाय चालणारा पर्याय तयार झाल्यावर उड्डाणं सुरू झाली. म्हणून ‘जुनं सगळं काढून टाका’ असा सल्ला मी देत नाही. अमेरिकेने व्हीओआर कमी केले, पण जीपीएस बंद पडलं तर कुठूनही १०० सागरी मैलांच्या आत आयएलएस किंवा व्हीओआरवर उतरता येईल असा विमानतळ राहील, अशी जाळी मुद्दाम ठेवली. लहान विमानतळाला स्वतःचा पर्याय परवडत नसेल तर निदान शेजारच्या मोठ्या विमानतळाचं आयएलएस आणि तिथपर्यंत पुरणारं इंधन, हा हिशेब आधीच झालेला असावा.

पुढे काय येतंय? दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारं एसबीएएस आलं की आयनावरणाचा त्रास विमानातच मोजून काढता येईल. विषुववृत्ताजवळच्या देशांना त्याचा सर्वाधिक लाभ होईल. जॅमिंगवर मात्र तो इलाज नव्हे. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने धुक्यातून धावपट्टी दाखवणारं ईएफव्हीएस वापरून थेट टेकेपर्यंत जाण्याची मुभा अमेरिकेने डिसेंबर २०१६ च्या नियमाने दिली. त्यात एक खोच निघाली. जुने दिवे तापायचे म्हणून इन्फ्रारेडला दिसायचे. विमानतळांनी वीज वाचवायला एलईडी बसवले, ते तापत नाहीत आणि कॅमेऱ्याला दिसेनासे होतात. नवीन दिवे घेताना हे विचारून घ्यावं. साध्या कॅमेऱ्यांतून धावपट्टी ओळखून ए-३५० आपोआप उतरवण्याच्या चाचण्या एअरबसने २०२० मध्ये पूर्ण केल्या, पण रोजच्या वाहतुकीत ते यायला वेळ आहे.

प्रत्यक्ष विमानांत पोचलेलं तंत्र म्हणजे गार्मिनचं ऑटोलँड. मे २०२० मध्ये पायपर एम-६०० या लहान विमानात त्याला अमेरिकेत प्रमाणपत्र मिळालं. वैमानिक बेशुद्ध झाला तर प्रवासी एक बटण दाबतो. यंत्र हवामान, इंधन आणि धावपट्टीची लांबी पाहून विमानतळ निवडतं, रेडिओवर घोषणा करतं आणि उतरून इंजिन बंद करतं. ते निवड करतं ती उभ्या मार्गदर्शनासह जीपीएस अप्रोच प्रसिद्ध असलेल्या धावपट्ट्यांमधून. ज्या विमानतळाने सर्वेक्षण आणि नकाशाचं काम पुढे ढकललं आहे, तो खाली समोर असला तरी या यंत्राच्या यादीत नसतो.